बाहेरून कडी नसलेलं दार

एक दार काढून आणायचं होतं. काम एवढंच. लोखंडी दार, तीन बिजागऱ्या, नऊ नट. हातात पाना, थोडं तेल आणि दार धरायला एक माणूस असला की तासाभरात उरकावं असं. त्या कामासाठी माझा एक मित्र, सत्तरीला टेकलेला, एका रात्रीपुरता डोंगरावर गेला होता.

दिवे यायला वेळ आहे म्हणता ना? मग ऐका. मेणबत्ती तिकडेच राहू दे, डोळ्यांवर येते. ही गोष्ट खरी आहे. म्हणजे खरी आहे असं मला वाटतं. या वयात मी कशाचीच हमी देत नाही. ज्याच्यावर गुदरली त्याने स्वतः मला सांगितली. तो कधी खोटं बोलला नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. एकदा बोलला होता. त्याचीच तर गोष्ट आहे.

काय म्हणालास? तुमच्या दाराला कॅमेरा आहे, भूत आलं तर आधी मोबाइलवर कळेल? बरं. गोष्ट संपली की हेच वाक्य परत म्हणून दाखव.

तर हा मित्र माझ्याबरोबर कॉलेजात शिकवायचा. संख्याशास्त्र. त्यातही क्वचित घडणाऱ्या गोष्टींचं गणित हा त्याचा खास विषय. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, लाखातून एकदा तुटणारी तार. फळ्यावर पहिला शब्द लिहायचा तो ‘समजा’. चहाच्या टेबलावरही तेच. “समजा, वीज गेली. समजा, आठ दिवस आलीच नाही. समजा, लोक घरांत शिरायला लागले.” एकदा कॅन्टीनवाल्याने हात जोडून विचारलं, “सर, समजा मी तुम्हाला चहा दिला, तर प्याल का?” तेव्हापासून त्याचं नावच पडलं समजा. त्याच्या तोंडावरही आम्ही तेच म्हणायचो. तो रागवायचा नाही. त्याला वाटायचं, एक ना एक दिवस आपलं खरं ठरणार आहे.

बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. वरच्या मजल्यावर समजा आणि खालच्या मजल्यावर त्याचा धाकटा भाऊ आणि भावजय, असं ते घर. धाकट्याचा वेल्डिंगचा कारखाना होता. फाटकं, जाळ्या, जिने. बुटका, गोल, बोलका माणूस. त्याच्या पोटात काही राहायचं नाही. दिवसभर तोंड आणि ग्राइंडर दोन्ही चालू. पण हात सोन्याचा. लोखंड कापलं की त्या कडेवरून कानस फिरवल्याशिवाय माल दुकानाबाहेर काढायचा नाही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर म्हणायचा, “थांबा हो, उद्या तुमच्याच घरात कुणाचा तरी हात कापेल.”

समजाला एक आडबाजूची जागा हवी होती. वेळ आली तर सगळ्यांनी जाऊन राहायची. दीड वर्ष त्याने शोध घेतला. एक जागा रस्त्याला लागून होती, म्हणून नको. एक दरीत होती, पाणी मुबलक, पण वरून कुणीही दगड टाकील. एकीला दोन दारं होती. “दोन दारं म्हणजे दोन काळज्या,” तो म्हणायचा. शेवटी मिळालं ते डोंगरावरच्या बंद पडलेल्या दगडखाणीचं जुनं ऑफिस. हातभर जाडीच्या दगडी भिंती, पुढे एक खोली, आत एक खोली, मागच्या भिंतीला छताजवळ दोन झरोके, पावसाच्या पाण्याची टाकी, आणि दार एकच, पूर्वेकडे. खालून येणारी वाट दोन वळणं घेत, एका मोरीवरून वर चढायची. कुणी यायला लागलं तर दोन्ही वळणांवर आवाज व्हायचा.

ते दार धाकट्याने केलं. वाळवी लागलेलं जुनं लाकडी काढलं आणि जाड पत्र्याचं, आतून तीन अडसर असलेलं बसवलं. समजाच्या आराखड्यात त्या दाराला बाहेरून काहीच नव्हतं. कडी नाही, मूठ नाही, कुलपाची जागासुद्धा नाही.

“दादा, बाहेरून धरायला काही नको?”

“बाहेरच्या माणसाला कशाला धरायला हवं?”

“आणि मीच बाहेर असलो तर?”

“वाजवायचं. खूण ठरवू. तीन ठोके, थांबायचं, मग दोन.”

“बरं, निदान एक भोक ठेवू का? एवढंसं. माणूस कोण आहे ते तरी दिसेल.”

“आपल्याला दिसेल, तसं त्यालाही दिसेल. भोकातून सळईपण आत येते.”

“तुझ्या डोक्यात ना दादा, सगळे चोर तुझ्यापेक्षा हुशार असतात,” धाकटा म्हणाला आणि हसत कामाला लागला. घराभोवती दहा-दहा फूट खडी पसरायची होती, म्हणजे रात्री कुणी पाऊल टाकलं तर वाजेल. खाणीतून हातगाडीने ती सगळी खडी धाकट्यानेच ओढली. समजा मोजमाप घेऊन उभा.

मग नियम लिहिले. बारा नियम, टाइप करून. ते कागद त्याने मला वाचायला दिले होते, तुझं मत सांग म्हणून. मी वाचले. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता चूक कुठे झाली ती ऐका. धाकट्याने चहाच्या टपरीवर ती खूण वाजवून दाखवली. बाकावर, बोटांनी. ठक ठक ठक, ठक ठक. “आमचा दादा किल्ला बांधतोय. ही त्याची चावी.” सगळे हसले. टपरीवरचा पोऱ्या तर त्या दिवसापासून चहाचा पेला त्याच तालावर ठेवायला लागला. समजाच्या कानावर गेलं आणि त्याचा पारा चढला. भावाला तो चार लोकांत नाही नाही ते बोलला. मग घरी येऊन त्याने खूण बदलली. नवी खूण दोन चिठ्ठ्यांवर लिहिली, दोन पाकिटांत बंद केली. एक भावजयीला दिलं. दुसरं, धाकट्याचं, स्वतःच्याच बॅगेत ठेवलं. देऊ की. जरा शिकू दे आधी.

आणि दोनच आठवड्यांनी ते घडलं. सात वर्षं झाली त्याला. तुम्ही तेव्हा इथे नव्हता. शहराचं मोठं वीजकेंद्र जळालं. अंधार, फोन बंद, पंप बंद. दुसऱ्या रात्री दुकानं फुटायला लागली, तिसऱ्या दिवशी घरं. समजाचं खरं ठरलं होतं. त्याने गाडी काढली, भावजयीला बसवलं. धाकटा म्हणाला, “दुकानात गॅसच्या दोन टाक्या आहेत. कुणा येड्याच्या हाती लागल्या तर गल्ली उडेल. त्या हलवतो आणि उजेड आहे तोवर येतो. तू हिला घेऊन पुढे हो.”

तेव्हा पाकीट बॅगेत होतं. बॅगेच्या चेनवर हात गेला होता, असं समजा मला म्हणाला. पण त्याला वाटलं, उजेडात तर येतोय. येऊ दे, वर आल्यावर देऊ.

उजेड गेला तरी धाकटा आला नाही.

भावजय आतल्या खोलीत वाट बघून बघून झोपली. दोन रात्रींची जागी होती बिचारी. समजा पुढच्या खोलीत, दारासमोर खुर्ची टाकून बसला. तो सगळं वहीत टिपायचा. अकरा वाजून दहा मिनिटं, अशी नोंद आहे. खडी वाजली.

एक पाय टेकत होता. दुसरा घसटत येत होता.

धाकटा असा चालत नव्हता.

मग दारावर ठोके. तीन. थोडं थांबून दोन.

जुनी खूण.

समजाने काय केलं असेल? त्याने वही उघडली. मांडीवर विजेरी धरून गणित केलं. जुनी खूण किती जणांना माहीत आहे, त्यांतले किती जण आज रात्री इतक्या लांब येतील, धाकटा अजून वाटेत असण्याची शक्यता किती. उत्तर आलं. दहांत सात वेळा दाराबाहेर धाकटा असेल. तीन वेळा, दुसरं कुणीतरी.

सात.

तरी तो उठला नाही. त्या तीन वेळांसाठीच तर घर बांधलं होतं ना.

तुम्ही म्हणाल, विचारायचं तरी. एक शब्द. ‘कोण?’ पण नियम होता. सातवा. दारातून बोलायचं नाही. आतल्याने नाही, बाहेरच्यानेही नाही. जन्मभर एकही नियम न पाळलेला, टपरीवर सगळं बरळणारा तो धाकटा... त्या रात्री त्याने तेवढा एक नियम पाळला. ठोके तीनदा दिले. प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू. मग पत्र्यावरून सपाट हात फिरल्याचा आवाज आला. वरून खाली, खालून वर. कडी शोधतात तसा. आपणच केलेल्या दारावर.

मग खडी. एक पाय. एक घसट. लांब लांब.

पहाट फुटताना समजाने दार उघडलं. उंबऱ्यापासून वाटेपर्यंत खडीवर डाग होते, काळपट. त्याने फावडं घेतलं आणि खडी उलटी केली. वरची खाली, खालची वर. पुरी दहा फूट. भावजय डोळे चोळत बाहेर आली.

“दादा, रात्री कुणी आलं होतं का? मला खडी वाजल्यासारखी वाटली.”

“कुत्रं असेल,” समजा म्हणाला.

हेच ते खोटं. एकदाच बोलला.

सकाळी धाकटा मोरीपाशी सापडला. तिथे मोटरसायकल घसरली होती, मांडी फाटली होती. डॉक्टर म्हणाले, पहाटे तीन-चारपर्यंत जीव असावा, वेळेत घट्ट बांधलं असतं तर... भावजयीला सगळ्यांनी सांगितलं, पडला तो उठलाच नाही. ती एकच वाक्य बोलायची. दहाव्या दिवशीही तेच, वर्षाने तेच. “निदान दारापर्यंत तरी पोचायला हवे होते.”

आणि समजा तिच्यासमोर बसून मान हलवायचा.

सहा वर्षं गेली. डोंगरावर कुणी गेलं नाही. गंमत बघा, दाराला बाहेरून कडी नाही म्हणजे कुलूपही नाही. सहा वर्षं ते नुसतं ओढून घेतलेलं होतं, आणि आतली एक पत्र्याची बादलीसुद्धा कुणी नेली नाही. मग भावजयीने कारखान्याची जागा देऊन टाकली, गावाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या आणि एक दिवस वर येऊन समजाला म्हणाली, “डोंगरावरचं घर तुमचं तुम्ही बघा, दादा. मला फक्त ते दार आणून द्या. त्यांच्या हातचं शेवटचं काम आहे. माझ्या घराला लावीन.”

नाही कसं म्हणणार?

फेब्रुवारी महिना, गुरुवार, पौर्णिमा होऊन पाच दिवस झालेले. तारखेचा काही मेळ नव्हता. लोक विचारतात, तीच तारीख होती का. नव्हती. गोष्टीत असते तशी नव्हती.

टेम्पोवाला बरोबर होता. तरुण, पान चघळणारा. दुपारी चारला पोचले. पण नऊच्या नऊ नट गंजून बसलेले. टेम्पोवाल्याने पान्यावर लटकून बघितलं, एक हलेल तर शपथ.

“काका, रात्रभर तेल मुरू द्या. सकाळी सातला येतो, लोण्यासारखे निघतील. चला, खाली सोडतो तुम्हाला.”

“नको. तेल दोन-तीनदा घालावं लागेल. मी थांबतो.”

“एकटे? इथे? भूतबीत असलं तर?”

“भूत वगैरे काही नसतं.”

“ते बरं झालं,” टेम्पोवाला म्हणाला. “मी तरीपण जातो.”

आता हे नीट लक्षात ठेवा. तो गेल्यावर, सहा ते सात, समजाने ते सगळं दार तेलाच्या फडक्याने पुसलं. आतून आणि बाहेरून. गंज धरलेला पत्रा, वितीवितीने, स्वतःच्या हाताने. माफी मागत असल्यासारखं पुसलं, असं त्याने मला सांगितलं. दार सलग होतं. कोरं. त्यावर खरचटल्याची खूणसुद्धा नव्हती.

अंधार पडला तशी त्याने बिजागऱ्यांवर तेल सोडलं, दार लावलं आणि तीनही अडसर टाकले. का टाकले? सवय. कोण येणार होतं तिथे? खुर्ची होती तिथेच होती, दारासमोर. तीत बसला. दहाला विजेरी मालवली, सेल पुरवायला. मनात भावजयीचं घर. उद्या हे दार तिथे उभं राहणार. रोज ती त्यावर हात ठेवणार. आणि आपण अजून...

सांगून टाकू का उद्या? समजा, सांगितलं. समजा, तिने दार आपटलं. समजा... या एका गोष्टीचं गणित त्याला सहा वर्षांत जमलं नव्हतं.

वहीत नोंद आहे. अकरा वाजायला पाच मिनिटं.

खडी वाजली.

त्याला आधी वाटलं, आठवण आहे. म्हातारपणी आठवणींना आवाज असतो. मग पुन्हा वाजली. वाटेच्या तोंडाशी.

एक पाय टेकला.

एक घसटला.

तो खुर्चीचे हात धरून बसला. आवाज दारापाशी आला. थांबला. बराच वेळ काही नाही. वारा नव्हता. रातकिडेही...

ठक. ठक. ठक.

...

ठक. ठक.

उठावं, असं त्याला वाटलं. देवाशपथ वाटलं, म्हणतो. पाय उठले नाहीत. पुन्हा ठोके आले. आधीपेक्षा हळू. मग तिसऱ्यांदा. आणि मग तो हात. पत्र्यावरून. वरून खाली. खालून वर. पण या वेळी एका जागी थांबला.

थांबला, आणि तिथेच घासल्यासारखा आवाज यायला लागला. बारीक. सावकाश. खर्र... खर्र... कुणाला काही घाई नसल्यासारखा. समजाने तो आवाज लहानपणापासून ऐकलेला. कानस.

मग तेही थांबलं.

तेव्हा त्याचं लक्ष मागे गेलं. त्याच्या मागच्या भिंतीवर एक उजेडाचा ठिपका होता. कोटाच्या बटणाएवढा. पांढरा. चंद्र वर आला होता, पूर्वेला, दाराच्या बाजूला. पण दाराच्या बाजूला चंद्र आत यायला जागाच कुठे होती? तो बघत राहिला. ठिपका स्थिर होता.

मग ठिपका गेला.

काहीतरी आड आलं होतं. गोल. बटणाएवढं.

दाराकडे मान वळवायची हिंमत नव्हती. भिंतीकडेच बघत, त्याने तोंड उघडलं. सहा वर्षांपूर्वी एकदाच लागला असता तो शब्द.

“कोण?”

...

काही नाही. बाहेर कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. पण ठिपकाही परत येईना. किती वेळ, ते वहीत नाही. तेवढं एकच त्याने लिहिलेलं नाही.

“धाकट्या,” तो म्हणाला, “मला माहीत होतं. तूच होतास. दहांत सात.”

ठिपका परत आला.

खडी वाजली. लांब जात. आणि समजा म्हणतो... याची हमी मी देत नाही, त्याला तसं वाटलं असेल... जाताना दोन्ही पाय नीट टेकत होते.

त्याने अडसर काढले. एक पायावर पडला. दार आत ओढून भिंतीपर्यंत उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. चांदण्यात खडी, पांढरी, सपाट. तो उंबऱ्यावर बसला आणि उजाडेपर्यंत तिथून हलला नाही.

सात वाजता टेम्पोवाला आला. नट खरोखर लोण्यासारखे निघाले. दार भिंतीपासून सोडवून दोघांनी आडवं धरलं, तेव्हा तो म्हणाला, “काका, हे भोक माणूस बघायला ना? पण एवढं खाली? तुम्हाला तर कमरेत वाकावं लागत असेल.”

समजाने पाहिलं. त्याच्या छातीच्या उंचीवर, पत्र्यात आरपार एक गोल भोक होतं.

धाकटा त्याच्यापेक्षा डोकंभर बुटका होता. मी म्हटलं होतं ना?

वाटेत त्याने ठरवलं होतं, भोक बुजवून मग दार द्यायचं. बघा हं माणूस! एवढी रात्र काढली आणि सकाळी पुन्हा फावडं हातात घ्यायला तयार. पण टेम्पो थेट भावजयीच्या दारात थांबला आणि ती पदर खोचून बाहेरच उभी. वाटेत घेतलेल्या हमालाने आणि टेम्पोवाल्याने दार उभं धरलं. ती पुढे आली. आधी नुसता पत्र्यावर हात ठेवला. मग तिला भोक दिसलं. कडेवरून तिने बोट फिरवलं, एकदा सगळीकडून.

“कानस फिरवलीय,” ती म्हणाली. “कधी विसरायचे नाहीत.”

समजा टेम्पोजवळच उभा राहिला.

तिला वाकायचीही गरज नव्हती. डोळा लावला. पलीकडून रस्ता दिसत असेल, टेम्पो, उभा असलेला समजा.

“बाहेरचं सगळं दिसतं की यातून, दादा.”

“हं.”

ती डोळा न काढता तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “म्हणजे त्या रात्री ते कुत्रं तुम्हाला दिसलं असणार.”

हमाल, टेम्पोवाला, कुणाला काही कळलं नाही. समजाला कळलं. भोक तेव्हा नव्हतं, असं म्हणता आलं असतं. खरंही होतं ते. पण पहिल्यांदाच त्याने ‘समजा’ केलं नाही. तिथे पायरीवर बसला आणि सगळं सांगितलं. पाकीट, गणित, फावडं. दुपारच्या उन्हात, लोकांसमोर. ती ऐकत होती. रडली नाही. त्याचं झाल्यावर हमालाला म्हणाली, “दार आत घ्या. उन्हात तापेल.” समजाला पाणी विचारलं नाही, आणि जा असंही म्हणाली नाही.

आता तो दर रविवारी जातो. तीन ठोके, थांबून दोन. भोक काळं होतं. आतून ती विचारते, “कोण?” दिसत असूनही विचारते. तो म्हणतो, “मी. दादा.” मग अडसर निघतात. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने. पण निघतात.

झाली गोष्ट, असं तुम्हाला वाटेल. दार मी पाहिलंय. सगळं गंजलेलं, ती मुद्दाम रंग देत नाही. भोकाची कड मात्र आज घासल्यासारखी लख्ख. वर्ष झालं, तिथे गंज धरत नाही. का, ते मला विचारू नका. मी तत्त्वज्ञान शिकवायचो. आम्हाला प्रश्न तेवढे येतात.

पण ते नियमांचे कागद. पुढे सांगतो म्हटलं होतं.

समजाने लिहिलेले नियम अकराच होते. मला वाचायला दिले तेव्हा वाटलं, काहीतरी सुचवायला हवं. शिकलेल्या माणसाची ही खोड असते, नुसतं ‘छान आहे’ म्हटलं तर आपण वाचलंच नाही असं वाटतं. मी समासात पेन्सिलीने लिहिलं: ‘डोंगरात आवाज लांब जातो. दारातून बोलणं टाळावं.’ समजा खूश झाला. सहाव्याच्या खाली घातला. सातवा नियम माझा.

समजाने हे तिला कधी सांगितलं नाही. सगळं स्वतःवर घेतलं. म्हणून मीच जायचं ठरवलं. गेल्या मंगळवारी गेलो. संध्याकाळचे पावणेसात, रस्त्यावर अजून माणसं. तिच्या खिडक्या बंद होत्या, पण आत दिवा होता. दाराच्या भोकात पिवळा ठिपका दिसत होता. मी वाजवलं. साधं, दोनदा.

ठिपका गेला.

कुणी डोळा लावला की दिसतं ते. मी थोडा हसलोसुद्धा, आपल्याकडे बघणाऱ्यासमोर हसतो तसा. उभा राहिलो. ‘कोण?’ येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. पाय आखडले. मी म्हटलं, “मी आहे. दादांचा मित्र.” तरी नाही. ठिपका काळाच. इतका वेळ कुणी डोळा न मिटता...

“अहो, कधीचे उभे आहात?”

आवाज मागून आला. रस्त्याच्या बाजूने. भावजय होती, हातात भाजीची पिशवी आणि किल्ल्या. तिने दाराला बाहेरून कडी लावून घेतली आहे, आणि त्या कडीला कुलूप होतं. तेव्हा माझं लक्ष गेलं.

“घरात कोण उघडणार? मी एकटीच तर असते,” ती हसून म्हणाली. “काही काम होतं का?”

मी दाराकडे पाहिलं. भोक अजून काळंच होतं. माझ्या छातीच्या उंचीवर. वाट बघत असल्यासारखं.

“नाही,” मी म्हटलं. “सहज इकडून चाललो होतो.”

तेवढं ऐकून घेतलं... आणि मग ठिपका परत आला.